कढीपत्त्याची कुंडी आणि फुलपाखरं : भांडुपच्या ग्रिलमधल्या नोंदी, जून ते ऑक्टोबर 2024

9 जून, रविवार

पोह्यांसाठी कढीपत्ता तोडायला गेले तर एका पानावर पक्ष्याची शीट. फडक्याने पुसायला गेले आणि शीट सरकली.

चष्मा लावून पाहिलं. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची अळी. काळपट तपकिरी, ओलसर चकाकणारी, मधे पांढरा पट्टा. शीट म्हणून कुणीही फसेल, आणि फसावं म्हणूनच ती तशी असते. काडीने हलकंच टोचलं तर डोक्यामागून दोन टोकांचं नारिंगी शिंग बाहेर आलं आणि सडक्या फळासारखा आंबूस वास सुटला. दोन सेकंदांत शिंग परत आत.

गेली दोन वर्षं मी या 'किड्यांवर' कडुलिंबाचं तेल फवारत होते. यंदा फवारायचं नाही, पुढे काय होतं ते बघायचं.

जागा : तिसरा मजला, खिडकीची बॉक्स ग्रिल, चार फूट बाय दीड फूट, तोंड पूर्वेला, ऊन सकाळी साडेदहापर्यंत. कढीपत्ता पंधरा लिटरच्या तेलाच्या डब्यात, चार फूट उंच. झाड सासूबाईंचं. अळ्या मोजल्या : तीन. आई म्हणाल्या, "गो, ह्यो कडीपत्तो मी फोडणेक लावलंय, किड्यांक नाय."

12 जून, बुधवार

चूक पहिली. तिन्ही अळ्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवल्या, झाकणाला खिळ्याने भोकं पाडली. जूनच्या दमट हवेत बरणीच्या आतून पाणी धरलं, तळाशी लेंड्यांवर बुरशी आली. आज सकाळी एक अळी मऊ पडून मेलेली. काचेची बरणी मुंबईच्या पावसाळ्यात वापरू नका. भोकं कितीही पाडा, हवा खेळत नाही.

14 जून, शुक्रवार

चूक दुसरी. तोडलेली पानं सुकतात म्हणून डहाळी पाण्याच्या बाटलीत खोचली आणि अळ्या तिच्यावर सोडल्या. ऑफिसातून आले तर एक अळी बाटलीत तरंगत होती. देठावरून उतरत उतरत ती थेट पाण्यात गेली असणार. उपाय इतका सोपा की लाज वाटली : बाटलीच्या तोंडाला कापसाचा घट्ट बोळा.

16 जून, रविवार

झाडावर एकच मोठी अळी आणि चार अंडी उरली. अंडी म्हणजे मोहरीहून लहान, फिकट पिवळे मणी, कोवळ्या पानांवर एकेक सुटी. आईंचं झाड वाचवायला नर्सरीतून तीन रोपं आणली : कागदी लिंबू 180 रुपये, कढीपत्ता 60 रुपयांना एक असे दोन. लिंबाची पानं अशी तुकतुकीत हिरवी, एक भोक नाही, एक डाग नाही. फार खूश झाले. अळी लिंबावर सोडली, अंड्यांची पानंही कापून त्याच रोपाला टाचली.

19 जून, बुधवार

सगळं संपलं. मोठी अळी दुसऱ्याच दिवशी खायची थांबली, तोंडातून हिरवं पाणी आलं, अंग वेडंवाकडं वळलं. अंड्यांतून निघालेल्या पिल्लांनी पहिलाच घास घेतला असेल-नसेल. सात पैकी शून्य.

पानाला एक भोक नाही म्हटल्यावर तेव्हाच कळायला हवं होतं. ज्या झाडाला कुणी तोंड लावत नाही त्याला काहीतरी मारलेलं असतं. माळ्याला विचारलं तर म्हणाला, "मारावंच लागतं, नाहीतर तुम्हीच घेणार नाही." बरोबरच बोलला. पान धुऊन वरचा फवारा जाईल, पण काही औषधं मुळातून आत शिरून रसात राहतात, ती धुण्याने जात नाहीत. तिन्ही रोपं ग्रिलच्या दुसऱ्या टोकाला बाजूला ठेवली. जुनी पानं गळून नवी पालवी दोनदा आल्याशिवाय त्यांच्यावर काही सोडणार नाही. या नोंदींतली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा.

25 जून, मंगळवार

नवी पद्धत : काहीच करायचं नाही. आईंच्या झाडावर सहा अंडी दिसली, जिथे आहेत तिथेच राहू दिली. आईंशी तह झाला : खालच्या फांद्या फोडणीच्या, वरचे शेंडे अळ्यांचे.

दोन दिवसांतच दोन अंडी गायब. खोडावरून बारीक काळ्या मुंग्यांची रांग चालली होती. डबा पाण्याच्या थाळीत ठेवला, पण थाळीत डास होतील म्हणून पाणी रोज ओतून नवं भरावं लागतं. आणखी एक वाट राहिली होती, ती लक्षात यायला दिवस गेला : एक फांदी ग्रिलच्या गजाला टेकली होती, मुंग्या त्या पुलावरून येत होत्या. फांदी आत बांधली, रांग थांबली.

4 जुलै, गुरुवार

सकाळी डबा भरताना गांधीलमाशी आली. घाई नाही, गडबड नाही. भाजीवाल्याकडे गिऱ्हाईक बघतं तसं एकेक पान वरखाली करून बघत गेली. अळी सापडल्यावर जबड्याने चावून, चेंडूसारखी मळून तिची गोळी केली आणि उचलून नेली. ती स्वतःसाठी नेत नाही, तिच्या पोळ्यातल्या पिल्लांसाठी नेते. मी हातात चपाती धरून उभीच राहिले. 8.14 ची लोकल चुकली.

संध्याकाळी मच्छरदाणीचं कापड दोन मीटर आणलं (160 रुपये), मशीनवर त्याचा नळा शिवला, शेंड्यावर चढवून दोन्ही तोंडं नाडीने बांधली. आत तीन अळ्या. कापड पानांना चिकटू नये म्हणून आतून जुन्या कपड्यांच्या तारेच्या हँगरचं कडं घातलं. ही युक्ती शेवटपर्यंत टिकली.

8 जुलै, सोमवार

रात्री एक ते सकाळी सात, सहा तासांत काही ठिकाणी 300 मिलिमीटरहून जास्त पाऊस. सायन, भांडुप, नाहूर या पट्ट्यात रुळांवर पाणी, लोकल बंद. घरीच. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा एका अळीकडे सलग तीन तास बघितलं.

दोन अळ्यांची कालच शेवटची कात पडली. शीट गेली, आता अंग पोपटी हिरवं, कडेने तिरके तपकिरी पट्टे, आणि पुढच्या फुगीर भागावर डोळ्यांसारख्या खुणा. खरं डोकं त्याच्या खाली दडलेलं, लहानसं. तिसरी अळी कात टाकायच्या बेतात होती. काल संध्याकाळपासून ती एकाच जागी रेशमाच्या गादीवर बसून, हलत नव्हती. मला वाटलं, मेली. (अळी हलत नसेल तर हात लावू नका. कात टाकताना ओढली तर खरंच मरते.) पावणेबारा वाजता डोक्यामागे कातडी फाटली. जुन्या डोक्याची टोपी पुढे ढकलून पाडली आणि मोजा काढावा तशी ती त्यातून पुढे चालत आली. थोडा वेळ थांबली, मग मागे वळून तोच मोजा खाऊन टाकला.

खाण्याचा आवाज येतो, हे कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पाऊस थांबला तेव्हा कान जाळीला लावला : कोरडा, बारीक करकर आवाज. दिवसभरात एका मोठ्या अळीने कढीपत्त्याच्या 29 पाकळ्या संपवल्या. सुरुवातीचे दहा दिवस एका पानात भागतं, शेवटचे चार-पाच दिवस झाड पुरत नाही. कुंड्या किती लागतील ते या दिवसांवरून ठरवा. आईंच्या खालच्या फांद्यांवर हल्ला झाला. तह मोडला. नाक्यावरच्या मैत्रिणीकडून, तिच्या परसातल्या बिनफवारणीच्या झाडाच्या डहाळ्या आणल्या.

14 जुलै, रविवार

काल दोघींनी कोष केले. आधी पातळ, ओली विष्ठा झाली. ती बघून आजारी पडली समजू नका, पोट रिकामं करते. मग जागा शोधत भटकते. शेपटीचं टोक फांदीला रेशमाने चिकटवलं, नंतर मान मागे टाकून अंगाभोवती रेशमाचा पट्टा ओवला. नारळाच्या झाडावर चढणारा माणूस दोरात टेकून बसतो, अगदी तशी. दुसऱ्या दिवशी कातडी सुटून आत हिरवा कोष.

तिसरी मात्र पळाली. नाडी सैल राहिली, चूक माझी. ग्रिल, कुंड्यांचे तळ, वाळत घातलेले टॉवेल, सगळं शोधलं. संध्याकाळी आईंना सापडली : दाराआडच्या पोछ्याच्या लाकडी काठीवर, आणि तिचा कोष तपकिरी. झाडावरचे दोन हिरवेगार, काठीवरचा काठीच्या रंगाचा. नऊ दिवस घरात पोछा वेगळ्या फडक्याने झाला.

आज खालच्या मजल्यावरूनही तक्रार आली : वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे दाणे पडतात. अळीच्या लेंड्या म्हणून सांगितलं असतं तर प्रकरण सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेलं असतं. "मातीचे खडे असतील," म्हटलं आणि कुंड्यांखाली जुनी चादर अंथरली. लेंड्या कुंडीत परत टाकते, खत होतं.

22 जुलै, सोमवार

तीन पैकी दोन व्यवस्थित. लाइम बटरफ्लाय : काळ्यावर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखाला विटकरी डाग. सकाळी सात-साडेसातलाच निघाली.

तिसरं बिघडलं, आणि ते माझ्यामुळे. फांदीवरचा एक कोष पट्टा तुटून पडला होता. मी तो डब्यात टिश्यूवर आडवा ठेवला. फुलपाखरू बाहेर आल्यावर लगेच काहीतरी धरून वर चढतं आणि पंख खाली लोंबते ठेवतं, तेव्हा अंगातलं पाणी शिरांमधून भरून पंख उलगडतात. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत भिंतीवर त्याला पाय रोवता आले नाहीत. पंख चुरगळलेले तसेच वाळले. (नंतरची भर : साखरपाण्याच्या बोळ्यावर पाच दिवस जगलं.)

पडलेल्या कोषाला काय करायचं : डब्याच्या आतून कडेला खरबरीत सुती कापड किंवा सुतळीचा तुकडा लावा, वर निदान हातभर मोकळी जागा ठेवा. पंख वाळेपर्यंत दीड-दोन तास हात लावू नका, फोटोसाठीसुद्धा नाही.

30 जुलै, मंगळवार

आवारात डासांसाठी धूर मारायला आले. गाडीचा आवाज ऐकून जाळीसकट डबा न्हाणीघरात नेला, दार लावून खाली ओला टॉवेल सरकवला. नुकसान नाही. पावसाळ्यात हे अचानक होतं, तेव्हा कुंडी उचलता येईल एवढीच ठेवा. पंधरा लिटरचा डबा उचलून माझी कंबर धरली आहे.

6 ऑगस्ट, मंगळवार

कोडं. जुलैतल्या पाच अंड्यांपैकी चार कोष झाले. तीन फुलपाखरं काळी, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ : कॉमन मॉर्मन. ही बाई लिंबू-कढीपत्त्यावर लाइमच्याच शेजारी अंडी घालते, लहान अळ्याही सारख्याच दिसतात, माझ्या कधी लक्षातच आलं नाही. पण चौथं निघालं ते वेगळंच : पंखावर पांढरा डाग आणि लाल चंद्रकोरी. पुस्तकात ताडून पाहिलं तर हुबेहूब कॉमन रोज. पण कॉमन रोज कढीपत्त्यावर अंडी घालत नाही, तिला ईश्वरीची वेल लागते. अंडं मी स्वतः पानावर पाहिलेलं. मग आलं कुठून?

उत्तर पंखांत नव्हतं, अंगात होतं. कॉमन रोजचं अंग लाल असतं, माझ्या पाहुणीचं काळं. ती मॉर्मनचीच मादी. ईश्वरीतल्या विषामुळे पक्षी रोजच्या वाटेला जात नाहीत, म्हणून मॉर्मनच्या काही माद्या तिचा वेश घेतात. नर मात्र साधेच. एकाच झाडावरच्या भावंडांत हे बघायला मिळालं. ऑफिसला उशीर झाला, कारण खरं सांगितलं, कुणाचा विश्वास बसला नाही.

17 ऑगस्ट, शनिवार

श्रावणी शनिवार. मारुतीच्या देवळाबाहेर फुलवाली रुईच्या पानांच्या माळा ओवत होती. पानांच्या ढिगाकडे बघायची आता सवयच लागली आहे. एका कोवळ्या पानाच्या मागे उभं, शेंडीदार, पांढरट अंडं. न ओवलेली डहाळी दहा रुपयांना मागून घेतली. "माळ नको?" "नको, पानंच द्या." तिने देवाकडे बघितलं. घरी मोजली, तीन अंडी. प्लेन टायगर फुलपाखराची.

रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. पान हाताळून झालं की आधी साबणाने हात धुवा, मग बाकीचं. डहाळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये पाच दिवस टिकतात. (डब्यावर 'रुई, खाऊ नये' अशी चिठ्ठी लावली.)

21 ऑगस्ट, बुधवार

11 तारखेला रुळांच्या कुंपणालगतच्या रुईवरून दोन मोठ्या अळ्या उचलून आणल्या होत्या. आयत्या मिळाल्या म्हणून खूश होते. 14 ला कोष झाले, हिरवे, सोनेरी ठिपक्यांचे. परवा दोन्हींवर तपकिरी डाग पडला, आज त्यांतून पांढरट किडे निघाले आणि डब्याच्या तळाशी त्यांचे तांदळाएवढे तपकिरी कोष झाले. त्यांतून माश्या निघणार, करड्या, राठ केसांच्या. रानात अळी असतानाच ती माशी तिच्यात शिरलेली, म्हणजे मी आणली तेव्हाच अळी दुसऱ्याची झाली होती.

धडा साधा : बाहेरून आणायचं तर अंडं आणा, मोठी अळी नको. माश्यांचं काय करायचं यावर घरात वाद झाला. मुलगी म्हणाली, सोडून दे, त्यांचंही घर आहे. त्यांचे कोष सोडून आले, पण ग्रिलमधून नाही, खाली जाऊन गेटबाहेर. मन तेवढं मोठं नाही.

8 सप्टेंबर, ऋषिपंचमी

गणपती बसले, घरात अकरा माणसं. रुईच्या तीन अंड्यांपैकी दोन कोषापर्यंत पोचली. या अळ्या बघण्यासारख्या : पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, पाठीवर काळ्या मऊ शेंड्यांच्या तीन जोड्या. लपायचा प्रश्नच नाही. रुईचा चीक पचवून त्या स्वतःच कडू झालेल्या असतात. पण खाण्याआधी पानाची मधली शीर देठाजवळ कुरतडतात. चिकाचा थेंब तिथे गळून जातो, पान मान टाकतं, मग पुढचा भाग निवांत खातात. नळ बंद करून मग पाइप खोलावा, तसा प्रकार.

काल रात्री कोष काचेसारखा झाला, आतले नारिंगी पंख दिसायला लागले. असं दिसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी निघतं. साडेसहाला उठून खुर्ची टाकून बसले. आठला ऋषीच्या भाजीची भेंडी-अळू चिरायला हाक आली, दहा मिनिटांसाठी गेले. परत आले तर रिकामं टरफल आणि त्याला लोंबणारं ओलं फुलपाखरू. दुसरं काल निघालं, तेव्हा मी आरतीला होते. म्हणजे तीन महिन्यांत निघतानाचा नेमका क्षण मला एकदाही दिसलेला नाही.

22 सप्टेंबर, रविवार

दोन किरकोळ गोष्टी. शेजारणीने दिलेल्या पानफुटीच्या जाड पानांवर पांढुरके, फुगीर डाग आले, रोग समजून पानं टाकणार होते. उन्हाकडे धरलं तर आत अळी चालताना दिसली. पानाच्या वरच्या आणि खालच्या सालीच्या मधे राहून ती आतला गर खाते, रेड पिएरो तिचं नाव. खर्च शून्य, मेहनत शून्य, मुंग्या-गांधीलमाश्यांचा त्रास कमी. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पानफुटीपासूनच करावी, असं आता वाटतं.

दुसरी : धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान बघून आले. एके काळी तिथे कचरा टाकायची जागा होती. तिथे सावलीत ब्ल्यू मॉर्मन दिसलं, काळं मखमली, मागच्या पंखावर निळी झाक, तळहाताएवढं. 2015 पासून ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. लिंबाच्या जातीच्या झाडांवरच ते अंडी घालतं, तरी माझ्या ग्रिलकडे अजून फिरकलेलं नाही.

29 सप्टेंबर, रविवार

हिशेब. जाळीचं कापड 160, जेवण झाकायच्या छत्रीसारख्या जाळ्या दोन 260 (कोष टांगायला उत्तम), नर्सरीची रोपं 300, शेणखत 90, रुईच्या डहाळ्या 40, भिंग 250. एकूण 1,100 रुपये. यातले 300 जूनमध्ये पाण्यात गेले होते. पण लिंबाच्या त्याच रोपाला दोनदा पालवी आली आणि 1 सप्टेंबरला एका मादीने आपणहून त्यावर अंडी घातली. त्यातल्या तीन अळ्या खाऊन-पिऊन जगल्या.

जून ते आज, अंडी-अळ्या मिळून 32. उडालेली फुलपाखरं 14. बरण्या-बाटल्यांच्या काळात सात पैकी शून्य. झाडावरच ठेवून जाळी चढवली, त्या सप्टेंबरच्या खेपेत नऊ पैकी सहा. वेळ रोजचा वीस मिनिटं, मुख्यतः थाळीतलं पाणी बदलणं आणि नाडी तपासणं. रजेचा अर्धा दिवस एक, चुकलेल्या लोकल मोजल्या नाहीत.

6 ऑक्टोबर, रविवार

ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं. ग्रिलचा पत्रा दहा वाजताच तापतो, जाळीच्या आत पानं कोमेजतात. पूर्वेच्या बाजूने जुन्या सुती साडीचा पडदा लावला. पुढच्या खेपेला ईश्वरीची वेल लावायची आहे, कॉमन रोजसाठी. बिनफवारणीचं रोप कुणाच्या अंगणात मिळेपर्यंत थांबणार, नर्सरीतून आणणार नाही.

दुपारच्या वरणाला आज कढीपत्ता नव्हता. विचारलं तर आई म्हणाल्या, "सगळ्या शेंड्यांर अंडी हत गो. खालसून दहा रुपयाची जुडी घेवन ये." जुडी आणली. ती फोडणीलाच, अळ्यांना घालू नका. बाजारच्या पानांवर फवारा असतोच.